सूर्यास्तापूर्वी घरी : गोंदिया–अर्जुनी मोरगाव एकदिवसीय प्रवासाचे नियोजन

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासन जनतेच्या अधिक जवळ यावे, हा नव्या जिल्ह्याच्या निर्मितीमागील एक प्रमुख हेतू होता. तो बऱ्याच अंशी सफलही झाला आहे. पूर्वी अर्जुनी मोरगावच्या माणसास जिल्ह्याच्या कामासाठी भंडाऱ्यास जावे लागे. आता त्याचे काम गोंदियास होते. तथापि गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांचा हा जिल्हा दक्षिणोत्तर बराच लांब पसरलेला आहे. जिल्ह्याचे मुख्य ठाणे उत्तरेकडे, तर अर्जुनी मोरगाव अगदी दक्षिणेच्या टोकाला आहे. या दोन गावांमधील रस्त्याचे अंतर ८० किलोमीटरांच्या आसपास भरते.

हे अंतर नकाशावर फारसे वाटत नाही. सकाळी निघावे, दिवसभर काम करावे आणि रात्री जेवणास घरी परतावे, असा या प्रवासाचा सर्वसाधारण बेत असतो. पंचायत समितीचे सदस्य, सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, क्षेत्रीय कर्मचारी अशी कितीतरी मंडळी वर्षभर या वाटेने ये-जा करीत असतात. प्रवास लहान असल्यामुळे त्याचे नियोजन करण्याची गरज कोणास भासत नाही. नेमक्या याच समजुतीमुळे हा प्रवास धोक्याचा होतो. दूरच्या प्रवासाला निघणारा माणूस वाहनाची तपासणी करतो, विश्रांतीचा विचार करतो आणि मुक्कामाची सोय पाहतो. ‘संध्याकाळपर्यंत परत येतो’ असे सांगून निघणारा यापैकी काहीच करीत नाही. म्हणूनच या लहान प्रवासाचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित ठरेल.

मार्गाची ओळख

गोंदियाहून दक्षिणेकडे निघाल्यावर प्रथम गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण लागते. येथवरचा रस्ता वस्तीचा व धानाच्या बांध्यांचा आहे. गोरेगाव मागे पडल्यावर मुरदोलीचे जंगल सुरू होते. त्यापुढे सडक अर्जुनी तालुक्यातील डव्वा, खजरी या गावांच्या परिसरातून हा रस्ता कोहमारा येथे राष्ट्रीय महामार्गास येऊन मिळतो. कोहमाऱ्यानंतर रस्ता पुन्हा दक्षिणेकडे वळतो, नवेगावबांधच्या वनप्रदेशातून जातो आणि अर्जुनी मोरगावला पोहोचतो. तेथून पुढे तो गडचिरोली जिल्ह्यातील वडसा–देसाईगंजकडे जातो.

कोहमारा येथे लागणारा महामार्ग हा देशाचा पश्चिम व पूर्व किनारा जोडणारा मार्ग होय. गुजरातमधील हजिऱ्यापासून धुळे, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, रायपूर, संबलपूर असा तो ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले तेव्हा तो क्रमांक ५३ झाला. त्यापूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई आणि जुने चालक आजही त्यास ‘सहा नंबर’च म्हणतात. लांब पल्ल्याच्या मालमोटारी रात्रंदिवस या मार्गाने धावत असतात. गोंदियाकडून येणाऱ्या चालकाने तोवर तासभर गावरस्त्याच्या गतीने वाहन चालविलेले असते. कोहमाऱ्यास आल्यावर वाहनांचा आकार, त्यांची गती आणि रस्त्याची शिस्त एकदम पालटते. हा पालट ध्यानात घेऊन तेथे पाच-दहा मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, चाकांवर नजर टाकावी आणि मगच पुढे जावे, हे उत्तम.

अशा रीतीने या ८० किलोमीटरांचे चार भाग पडतात. पहिला वस्तीचा, दुसरा मुरदोलीच्या जंगलाचा, तिसरा महामार्गाच्या वर्दळीचा आणि चौथा नवेगावबांधच्या वनप्रदेशाचा. प्रत्येक भागाची गती निराळी असल्याने संपूर्ण प्रवासास एकच वेग धरून केलेला हिशेब चुकतो. वस्त्या, वळणे, गुरे व गर्दी लक्षात घेता सरासरी ताशी ४० किलोमीटर धरणे व्यवहार्य होय. म्हणजे नुसते चालण्यास दोन तास आणि थांब्यासाठी पंधरा ते वीस मिनिटे लागतील. एकदा जाणे व एकदा येणे मिळून साडेचार ते पाच तास रस्त्यावर जातात, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

उलट दिशेने मांडावयाचे वेळापत्रक

प्रवासाचे वेळापत्रक आपण सहसा निघण्याच्या वेळेपासून मांडतो. सकाळी किती वाजता निघायचे, कार्यालयात किती वाजता पोहोचायचे, हे ठरले की नियोजन झाले असे वाटते. परतीची वेळ मात्र काम संपण्यावर सोडून दिलेली असते. एकदिवसीय प्रवासात ही पद्धत उलटी करावी लागते. सूर्य केव्हा मावळतो, हे आधी पाहावे आणि तेथून मागे मोजत यावे.

या बाबतीत गोंदिया जिल्ह्याची भौगोलिक स्थिती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. गोंदिया सुमारे ८०.२ अंशांवर, तर मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. पृथ्वीस एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्या हिशेबाने गोंदियात सूर्य मुंबईच्या मानाने सुमारे अर्धा तास आधी उगवतो आणि अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईत सहा वाजून गेल्यावर सूर्यास्त होतो, तर गोंदियात साडेपाचच्या सुमारासच दिवस मावळतो. जूनच्या अखेरीस मात्र येथील सूर्यास्त सातच्या थोडा आधी होतो.

घड्याळ सर्व राज्यात एकच आहे आणि कार्यालयीन वेळही एकच आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यानंतर राज्य शासनाच्या कार्यालयांची वेळ सर्वसाधारणपणे सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. म्हणजे हिवाळ्यात गोंदियाचे कार्यालय सुटते तेव्हा अंधार पडून अर्धा तास होऊन गेलेला असतो. कार्यालय सुटेपर्यंत थांबलेला अर्जुनी मोरगावचा माणूस त्यानंतर निघाला, तर त्याचा संपूर्ण परतीचा प्रवास रात्रीचा होतो आणि दोन्ही जंगले त्याला अंधारातच ओलांडावी लागतात. मुंबई-पुण्यास जी वेळ संध्याकाळची, ती येथे रात्रीची असते, एवढी एक गोष्ट नियोजनात धरली तरी पुष्कळ साध्य होईल.

उदाहरणादाखल डिसेंबरमधील एका दिवसाचे वेळापत्रक पाहू. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. धुके विरळ होण्यास थोडा अवधी द्यावा आणि साडेसातला अर्जुनी मोरगावहून निघावे. वाटेत एक थांबा धरून दहापर्यंत गोंदिया गाठता येते. साडेदहा ते पावणेतीन हा सव्वाचार तासांचा अवधी कामासाठी व जेवणासाठी मिळतो. तीन वाजता गोंदिया सोडावे. साडेतीनच्या सुमारास गोरेगाव आणि सव्वाचारपर्यंत कोहमारा येते. तेथे थोडे थांबून निघाल्यास पाचपर्यंत नवेगावबांध मागे पडते आणि साडेपाचच्या आत, म्हणजे दिवस मावळण्यापूर्वी, माणूस घरी पोहोचतो. उन्हाळ्यात हीच परतीची वेळ साडेचारपर्यंत पुढे नेता येईल. थोडक्यात, हिवाळ्यात तीन आणि उन्हाळ्यात साडेचार, एवढे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

एखादे काम तीनपर्यंत संपले नाही तर काय करावे? अशा वेळी काम अर्धवट टाकून निघणे किंवा मुक्काम करणे, या दोनच गोष्टी योग्य ठरतात. ‘काम उरकून जरा वेगाने जाऊ’ हा तिसरा मार्ग मात्र खरा नव्हे. गमावलेला वेळ वेगाने भरून काढता येत नाही, हे पुढील हिशेबावरून दिसून येईल.

गती आणि थांबण्याचे अंतर

समोर अडथळा दिसल्यापासून वाहन पूर्णपणे थांबेपर्यंत ते जेवढे अंतर कापते, त्यास थांबण्याचे अंतर म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत काही क्षण जातात आणि तेवढ्या वेळात वाहन पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. त्यानंतर ब्रेक लागून ते थांबेपर्यंत आणखी काही अंतर जाते. गती दुप्पट झाली की पहिला भाग दुप्पट होतो, परंतु दुसरा चौपट होतो. रस्त्यांची आखणी करताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार हे अंतर ताशी ४० किलोमीटर गतीस ४५ मीटर, ६० किलोमीटरला ८० मीटर, ८० किलोमीटरला १२० मीटर आणि १०० किलोमीटरला १८० मीटर धरले जाते.

आता रात्रीचा विचार करू. समोरून वाहन येत असता चालकाने दिवे खाली करावयाचे असतात. अशा खाली केलेल्या दिव्यांचा उपयुक्त उजेड साधारणतः ४० ते ६० मीटरपर्यंतच पडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनास थांबण्यासाठी १२० मीटर हवेत आणि चालकास दिसतात केवळ ६० मीटर. म्हणजे रस्त्यात उभे असलेले गुर, मागचा दिवा नसलेली ट्रॉली किंवा पायी चालणारा माणूस त्याला दिसतो तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. येथे चालकाचे कसब, वाहनाची किंमत वा ब्रेकची उत्तमता यांपैकी काहीच कामास येत नाही. ताशी ४० ते ५० किलोमीटरपेक्षा अधिक गतीने जाणारे वाहन रात्री दिसणाऱ्या अंतरात थांबूच शकत नाही, हाच याचा अर्थ. पावसाने रस्ता ओला असेल किंवा चाकांच्या नक्ष्या झिजलेल्या असतील तर हे अंतर आणखी वाढते.

वेगाने जाऊन वाचतो तरी किती वेळ? जंगलाचा भाग २५ किलोमीटरांचा आहे असे धरले, तर ताशी ६० ऐवजी ४० च्या गतीने तो ओलांडण्यास केवळ साडेबारा मिनिटे अधिक लागतात. एवढा वेळ तर चहाच्या थांब्यात सहज जातो. साडेबारा मिनिटांसाठी थांबण्याचे अंतर जवळजवळ दुपटीने वाढवून घेणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

दिवसाउजेडी धोका नसतो, असा मात्र याचा अर्थ नाही. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भर दुपारी भंडाऱ्याहून गोंदियाकडे जाणारी राज्य परिवहनाची एक बस याच गोंदिया–कोहमारा मार्गावर सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि ११ प्रवाशांना प्राणास मुकावे लागले. अचानक समोर आलेल्या दुचाकीस वाचविण्याच्या प्रयत्नात बसवरील ताबा सुटल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. ज्या रस्त्याने आपण नेहमी जातो, जी वळणे आपणास पाठ आहेत, तेथेही समोरून काय येईल हे पाठ असू शकत नाही. वळणावर गती कमी करणे, वळणावर व चढावर पुढील वाहन न ओलांडणे आणि गावाजवळच्या जोडरस्त्यांवर दुचाकी येणारच असे धरून चालणे, हे तीन नियम दिवसाही तितकेच आवश्यक आहेत.

जंगलातील रस्ता

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगाव व कोका ही अभयारण्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ६५३ चौरस किलोमीटर आहे. नागझिरा उत्तरेस आणि नवेगाव दक्षिणेस असून वन्य प्राणी या दोहोंमध्ये ये-जा करतात. त्यांची ही वाट राष्ट्रीय महामार्ग ५३ ओलांडून जाते, तर गोंदिया–कोहमारा रस्ता मुरदोलीजवळ नागझिऱ्याच्या जंगलाला लागूनच जातो. आपल्या दृष्टीने जो जिल्ह्याचा रस्ता, तोच प्राण्यांच्या दृष्टीने त्यांच्या घराच्या अंगणातून गेलेला रस्ता होय.

मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी परिसरातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. वाघांची संख्या वाढावी, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुरदोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण वाघास रात्रीच्या वेळी मोटारीची धडक बसली आणि उपचारासाठी नागपूरकडे नेत असताना तो दगावला. एकीकडे मोठ्या परिश्रमाने प्राणी वाढवावयाचे आणि दुसरीकडे काही मिनिटांच्या घाईने ते गमवावयाचे, ही विसंगती दूर करणे बव्हंशी वाहनचालकांच्याच हाती आहे.

वाघाची बातमी होते. चितळ, रानडुक्कर, नीलगाय, कोल्हा यांची होत नाही. परंतु दुचाकीस्वाराच्या दृष्टीने रानडुक्कर वा नीलगाय हीच अधिक धोक्याची. प्राणी व माणूस दोघेही अशा धडकेत जायबंदी होतात. वन्य प्राण्यांची हालचाल पहाटे व तिन्हीसांजेला विशेष असते. सूर्यास्तापूर्वी जंगल ओलांडावे, असे म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. एक चितळ रस्ता ओलांडताना दिसले तर मागून आणखी येतील असे समजून थांबावे. प्राणी उभा असता भोंगा वाजवून वा प्रखर दिवे टाकून त्याला बुजवू नये. बुजलेला प्राणी कोणत्या दिशेने उडी घेईल याचा नेम नसतो. जंगलात उतरून छायाचित्रे काढणे, माकडांना खाऊ घालणे, उरलेले अन्न फेकणे हेही कटाक्षाने टाळावे. अन्नाच्या आशेने प्राणी रस्त्याच्या कडेला येऊन बसू लागतात आणि पुढे वाहनाखाली सापडतात.

यावर अभियांत्रिकी उपायही आहेत. नागपूर–सिवनी दरम्यान पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी पुलाखालून मार्ग ठेवण्यात आले. वाघासह अनेक प्राणी त्यांचा वापर करीत असल्याचे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले आहे. अशा सोयी मोलाच्या असल्या तरी प्रत्येक जिल्हा मार्गावर त्या उभारणे शक्य नाही. जेथे त्या नाहीत तेथे चालकाचा संयम हीच प्राण्यांची सोय होय.

ऋतुमान आणि रस्ता

गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे आणि येथील रस्त्याचे रूप धानाच्या हंगामाप्रमाणे पालटत असते. दिवाळीच्या सुमारास कापणी व मळणी सुरू झाली की धानाने भरलेले ट्रॅक्टर, ट्रॉल्या व बंड्या खरेदी केंद्रांकडे निघतात. अनेक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घातलेले असते. ग्रामपंचायतींनी खळ्यासाठी व धान वाळविण्यासाठी स्वतंत्र जागा उपलब्ध करून दिल्यास आणि प्रत्येक ट्रॉलीस मागे तांबडी परावर्तक पट्टी लावण्याचा आग्रह धरल्यास अल्प खर्चात मोठा लाभ होईल.

याच काळात गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा सुरू होणारी नाटके पहाटेपर्यंत चालतात. परतणारे प्रेक्षक झोपेने जडावलेले असतात आणि एकेका दुचाकीवर तिघे-तिघे बसलेले आढळतात. हिवाळ्याच्या पहाटे प्रवासास निघणाऱ्याने धुक्याबरोबर याचीही जाणीव ठेवावी. हिवाळ्यात मावळता सूर्य नैऋत्येकडे असतो. गोंदियाहून दक्षिणेकडे परतणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर दुपारनंतर तिरपे ऊन येते. म्हणून समोरची काच आतून व बाहेरून स्वच्छ ठेवावी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी स्त्री-पुरुष व मुले पहाटेच जंगलाकडे जातात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेने पायी चालणाऱ्यांची व सायकलस्वारांची वर्दळ असते. मे महिन्याच्या दुपारी उष्णता इतकी असते की दुचाकीवरून लांबचा प्रवास टाळणेच श्रेयस्कर. चाकांतील हवा सकाळी चाके थंड असताना तपासावी. पावसाळ्यात नाल्यांना एकाएकी पूर येतो. ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असता त्याची खोली दिसत नाही आणि खालचा रस्ता खचलेला असल्यास तेही कळत नाही. ‘आताच एक ट्रॅक्टर गेला’ हा पुरावा मानून मोटार वा दुचाकी पाण्यात घालू नये. पाणी ओसरेपर्यंत थांबावे किंवा मागे फिरावे. पावसाळ्यातील बेतात एक तास अधिक धरणे यासाठीच आवश्यक आहे.

वाहन, चालक आणि पर्याय

निघण्यापूर्वीची तपासणी दहा मिनिटांत होऊ शकते. चाकांतील हवा, जादा चाक व ते बदलण्याची हत्यारे, ब्रेक, सर्व दिवे, काच पुसण्याचे वायपर, इंजिनातील तेल व पाणी एवढे पाहिले म्हणजे पुरे. इंधन निघतानाच भरून घ्यावे. जंगलाच्या भागात ते मिळेल या भरवशावर राहू नये. वाहन चालविण्याचा परवाना, नोंदणी पुस्तक, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र ही कागदपत्रे जवळ असावीत. पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी व एक विजेरी ठेवावी. दुचाकीवर चालविणारा व मागे बसणारा अशा दोघांनीही शिरस्त्राण वापरावे. मोटारीत मागील आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. जवळच्या गोरेगावला जाताना पट्टा कशाला, हा युक्तिवाद वर सांगितलेल्या थांबण्याच्या अंतरापुढे टिकत नाही.

चालकाच्या विश्रांतीचाही विचार व्हावा. कार्यालयीन वाहनाचा चालक सकाळी सहाला उठतो, अडीच तास वाहन चालवितो, दिवसभर वाहनात ताटकळत बसतो आणि संध्याकाळी पुन्हा वाहन चालवितो. अधिकारी सभेत असतात तेव्हा चालकास जेवण व थोडी झोप मिळते काय, हे पाहणे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होय.

परतीच्या वाटेवर आणखी एक मोह असतो. नवेगावबांधचा तलाव वाटेवरच आहे. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाची ही देणगी जिल्ह्याचे भूषण आहे. ‘जाता जाता तलाव पाहू’ असे कोणीतरी सुचविते आणि तासभर तेथे निघून जातो. तलाव अवश्य पाहावा, शाळांच्या सहलीही तेथे न्याव्यात, परंतु त्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. कामाच्या दिवसाला जोडलेली सहल काळोखातच संपते.

ज्यांचे काम केवळ गोंदिया शहरातच आहे, त्यांना रेल्वेचाही विचार करता येईल. गोंदियाहून सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड असा चांदा फोर्टकडे जाणारा लोहमार्ग या रस्त्याला जवळजवळ समांतर आहे. गाडीच्या वेळा जुळत असतील तर सुरक्षिततेच्या व खर्चाच्या दृष्टीने तो उत्तम पर्याय होय. चार सदस्यांनी चार दुचाकींवरून जाण्याऐवजी एका वाहनातून जाणेही हितावह.

संकटसमयी

अपघात पाहून पुढे निघून जाण्याची वृत्ती बहुधा पोलीस चौकशीच्या भीतीतून येते. ही भीती आता निराधार ठरली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेने कलम १३४ अ समाविष्ट झाले असून जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण देण्यात आले आहे. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि जखमी वन्य प्राण्याची माहिती वन विभागास देण्यासाठी १९२६ हे क्रमांक प्रत्येकाजवळ असावेत. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. ही माहिती गावोगावी पोहोचविणे हे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज करता येण्याजोगे काम आहे. जंगलाच्या भागात दूरध्वनीची लहर सर्वत्र मिळेलच असे नाही. म्हणून निघताना ‘अमुक वेळेपर्यंत पोहोचेन’ असे घरी सांगून ठेवावे आणि कोहमाऱ्याहून एकदा कळवावे.

सभा केव्हा घ्यावी?

येथवर प्रवाशाच्या जबाबदारीचा विचार झाला. परंतु एकदिवसीय प्रवासाचे नियोजन एकट्या प्रवाशाच्या हाती नसते. सभेची वेळ ठरविणारा अधिकारी त्याच वेळी दूरच्या सदस्याच्या परतीची वेळही ठरवीत असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी दुपारी तीनला बोलाविलेली सभा पाचला संपते. गोंदियात राहणाऱ्यास ती सोयीची वाटते. अर्जुनी मोरगाव, देवरी वा सालेकशाहून आलेल्या सदस्याच्या दृष्टीने मात्र ती रात्रीच्या प्रवासाची आज्ञाच असते. महिला सदस्यांवर याचा भार अधिक पडतो. रात्री परतावे लागेल म्हणून सभेस न येणे किंवा चर्चा अर्धवट सोडून उठणे त्यांना भाग पडते आणि त्यांच्या गावाचे म्हणणे सभेत मांडलेच जात नाही.

यावर उपाय साधा आणि विनाखर्चाचा आहे. दूरच्या तालुक्यांतील सदस्यांचा सहभाग असलेल्या सभा व प्रशिक्षणे सकाळी अकराला सुरू करून दोनपर्यंत संपवावीत. निदान ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात तरी हा दंडक पाळावा. दूरच्या तालुक्यांचे विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधी घ्यावेत. केवळ माहिती वा स्वाक्षरीसाठी माणसास ८० किलोमीटर बोलावू नये. ती कामे पंचायत समितीच्या ठिकाणी किंवा दूरदृश्य प्रणालीने होऊ शकतात. शाळांनीही सहलीचा परतीचा प्रवास सूर्यास्तापूर्वी संपेल असाच कार्यक्रम आखावा. सभेच्या सूचनापत्रावर सुरुवातीच्या वेळेबरोबर समाप्तीची वेळही छापली, तर गावाहून येणारा माणूस आपल्या परतीचा बेत आधीच ठरवू शकेल.

रस्ते रुंद होतात, पूल बांधले जातात, वाहने वेगवान होतात. दिवसाची लांबी मात्र कोणास वाढविता येत नाही. गोंदियाच्या हिवाळ्यात दिवस साडेपाचला मावळतो, ही गोष्ट सभेची वेळ ठरविणाऱ्याने आणि सभेस येणाऱ्याने सारखीच ध्यानात ठेवली, तर दूरच्या गावाचे म्हणणे सभेत पूर्ण मांडले जाईल आणि ते मांडणारा माणूसही दिवेलागणीपूर्वी आपल्या घरी सुखरूप पोहोचेल.